धापेवरचा उपाय खाट नव्हे, चाल

थंडी आणि मळणीची धूळ एकत्र आली की देवणी परिसरातील जुन्या दम्याचे रुग्ण दवाखान्याची पायरी चढू लागतात. वाफारा दिला जातो, इंजेक्शन होते, औषधांची चिठ्ठी मिळते आणि जाताना घरच्यांना एक सल्ला हमखास दिला जातो, 'यांना आता काही काम करू देऊ नका.' सल्ला मायेचा असतो, पण रुग्णाचे सर्वाधिक नुकसान करतो तोच.

गावाकडे ज्याला सरसकट दमा म्हणतात, त्यातील उतारवयातले बरेच रुग्ण प्रत्यक्षात सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या दीर्घकालीन आजाराचे असतात. पुरुषांत कारण बहुधा विडी. बायकांचे काय? तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे त्यांनी तीस-चाळीस वर्षे काढलेली असतात. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली. पण त्याआधी छातीत गेलेला धूर सिलिंडर आल्याने बाहेर निघत नाही. त्याच २०१६ साली देशात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला होता.

या आजारात खराब झालेले फुफ्फुस पूर्ववत होत नाही. मग व्यायामाचा उपयोग काय? उत्तर देवणीच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. ज्या गावाचे नाव देशभर पोहोचले ते गोवंशामुळे, तिथे दावणीला महिनोन्‌महिने बांधून ठेवलेला बैल औताला चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माणसाचेही तसेच होते. धाप लागते म्हणून तो बसतो, बसल्याने मांड्यांचे स्नायू झडतात, कमजोर स्नायूंना त्याच कामासाठी जास्त श्वास लागतो आणि धाप आणखी लवकर लागते. फुफ्फुस तेवढेच राहूनही माणूस शेतातून अंगणात, अंगणातून खाटेवर येतो.

हे चक्र उलटे फिरवणाऱ्या उपचाराला फुफ्फुस पुनर्वसन म्हणतात आणि त्याचा कणा आहे फिजिओथेरपी. २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेने ६५ चाचण्यांतील ३,८२२ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. धाप आणि थकवा कमी होतो, चालण्याची क्षमता वाढते, असा निष्कर्ष निघाला. पुरावा इतका स्पष्ट होता की, हा उपचार लागू पडतो का हे तपासण्यासाठी नव्या चाचण्यांची गरज उरली नाही, असे तेव्हा म्हटले गेले.

या उपचारात गूढ काही नाही. नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडणे. जोराने खोकत बसण्याऐवजी तोंड उघडून 'हा' असा फुंकर टाकत बेडका वर आणणे. खुर्चीतून उठणे-बसणे आणि रोज थोडे वाढवत चालणे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. मात्र सुरुवात तपासणीनंतरच करावी. छातीत दुखणे, चक्कर, ओठ निळे पडणे, थुंकीत रक्त यांपैकी काहीही दिसले तर थांबून डॉक्टर गाठावा. श्वासाचा पंप चालूच ठेवायचा आणि विडी सोडायचीच.

दोन गैरसमजही दूर व्हायला हवेत. तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र हे मुख्यतः शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी आहे. चेंडू वर गेले म्हणून सीओपीडीच्या रुग्णाच्या मांड्यांत बळ येत नाही. तसेच भराभर श्वास घेण्याच्या क्रियांनी या रुग्णांच्या छातीत हवा आणखी कोंडते. सल्ल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

खरी अडचण अंतराची आहे. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे, म्हणजे सोळा खेपा. मजुरी बुडवून, सोबत माणूस घेऊन, लातूर किंवा नांदेडला सोळा खेपा कोण करणार? त्यामुळे उपचार रुग्णाच्या जवळ आला पाहिजे. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. तीस मीटरची पडवी, हात नसलेली खुर्ची, घड्याळ, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि एक प्रशिक्षित माणूस एवढ्यावर काम सुरू होते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीओपीडीचा समावेश आहेच. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी प्रशिक्षणाचा भार उचलावा, ग्रामीण रुग्णालयांनी आठवड्याचे दोन वार ठरवून द्यावेत आणि आशा ताईंनी घरचा व्यायाम चालू आहे ना, हे पाहावे. क्षयरोग बरा होऊनही धाप उरलेल्या रुग्णांनाही त्याच रांगेत बसवता येईल.

आठ आठवड्यांनी व्यायाम सोडला तर कमावलेले बळ हळूहळू ओसरते, म्हणून शेवटी जबाबदारी घरावरच येते. आजोबांना पाण्याचा तांब्या खाटेवर नेऊन देण्याऐवजी, त्यांच्या चालीने त्यांच्यासोबत रांजणापर्यंत जावे. वाटेत दोनदा थांबावे लागले तरी चालेल.