घास अडकतो, त्याला पित्त म्हणू नका



आज रस्ता, पाणी, लाईट यातल्या कशावरच लिहीत नाही. आज पित्तावर लिहितोय. हसू नका. आपल्या गावात पित्ताची गोळी चहापत्तीसारखी विकली जाते, घरोघरी फ्रीजवर नाहीतर देवळीत एक पट्टी पडलेली असतेच. पण याच पित्ताच्या नावाखाली एक वेगळीच तक्रार महिनोन् महिने दडून राहते आणि ती माणसं खाते. पोस्ट लांब झाली आहे, पण घरात चाळिशीच्या पुढचं कुणी असेल तर पूर्ण वाचा.

आधी माझं सांगतो, नाहीतर म्हणाल ऐकीव गोष्टींवर बोलतो. मला छातीत जळजळ नऊ-दहा वर्षांपासून. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं, पहाटे ठसका लागून जाग यायची, सकाळी आवाज बसलेला. हे सगळं अंगवळणी पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी वेगळंच सुरू झालं. बाजरीची भाकर छातीच्या मधोमध येऊन थांबायची. वरून पाणी प्यायलं की हळूहळू खाली सरकायची, कधी कधी पाण्यासकट परत वर यायची. लग्नाच्या पंगतीत बसायचं मी बंद केलं, कारण चार घासांनंतर उठून भिंतीकडं तोंड करून उभं राहावं लागायचं. लोकांना वाटायचं हा माणूस रुसला.

दवाखान्यात गेलो. एकाच ठिकाणी तीन वेळा दाखवलं. तिन्ही वेळा तोंडानं स्पष्ट सांगितलं की घास अडकतो. तिन्ही वेळा पित्ताची गोळी बदलून मिळाली आणि तिखट कमी करा म्हणून सांगितलं. दुर्बिणीचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी शहरात पोटविकार तज्ज्ञाकडं गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पातळ जातं का? घट्टच अडकतं का? वजन किती उतरलं?" दुसऱ्या दिवशी दुर्बीण झाली. वर्षानुवर्षं ॲसिड वर येऊन अन्ननलिकेचं खालचं तोंड भाजून निघालं होतं, जखमा भरताना ते आवळत गेलं होतं. दोन वेळा दुर्बिणीतूनच ते रुंद केलं. आज भाकर खातो, बारीक चावून, सावकाश. गोळी मात्र चालू आहे आणि राहणार आहे.

आमच्या भावकीतल्या एका काकांचं असं झालं नाही. त्यांना आयुष्यभर तंबाखू-चुन्याची सवय. त्यांचीही तक्रार हीच, घास अडकतो. घरच्यांना वाटलं दात गेलेत म्हणून चावत नाही. मग भाकर दुधात कुस्करून द्यायला लागले. मग वरण-भात, मग नुसती पेज. म्हणजे घट्टाकडून पातळाकडं माणूस सरकत होता आणि आम्ही सगळे त्याला "म्हातारपण" म्हणत होतो. शहरात नेलं तेव्हा अन्ननलिकेचा कॅन्सर बराच पुढं गेलेला. नळी टाकून पातळ पोटात जाईल एवढीच सोय करता आली. त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत.

सुरुवातीला माझी आणि काकांची तक्रार शब्दाला शब्द सारखी होती. बाहेरून पाहून कुणालाच, अगदी मोठ्या डॉक्टरलाही, सांगता आलं नसतं की कुणाचं साधं आहे आणि कुणाचं वाईट. ते फक्त दुर्बिणीतून कळतं. म्हणून जळजळ आणि घास अडकणं या दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या, हेच मला आज सांगायचंय.

जरा खोलात जातो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक झडपेसारखं कडं असतं. घास आला की ते उघडतं, मग मिटतं. ते सैल पडलं की जठरातलं ॲसिड वर येतं. भरपेट जेवून लगेच आडवं होणं, पोटाचा घेर, तंबाखू, दारू यानं हा त्रास वाढतो. आता आपल्या शेतकऱ्याचं वेळापत्रक बघा. मोटारीला लाईट रात्री. म्हणून नऊला घाईघाईत जेवायचं, तासभर पडायचं, बाराला अद्रकीला पाणी द्यायला उठायचं, दोन वाजता चहा. उपाशीपोटी पहाटे परत चहा. डॉक्टर म्हणतात जेवण आणि झोप यात तीन तासांचं अंतर ठेवा. साहेब, आधी दिवसा लाईट द्यायला सांगा महावितरणला! (हे गमतीनं लिहिलं, पण खोटं नाही.)

साध्या जळजळीला घाबरायचं कारण नाही. बहुतेकांची जळजळ कॅन्सर वगैरे काही नसते. घशात गोळा असल्यासारखं वाटतं पण जेवण बिनबोभाट खाली उतरतं, तेही बहुतेक वेळा साधंच निघतं, तरी एकदा दाखवून घ्यावं. पण घास खरोखर अडकतो, आधी घट्ट आणि मग मऊसुद्धा. किंवा गिळताना दुखतं, वजन उतरतंय, काळी डांबरासारखी शौचास होते, उलटीत रक्त येतं, तर तिथं पट्टी आणून गप्प बसायचं नाही. वय कितीही असो, दुर्बीण करायची. लकवा होऊन गेलेल्या माणसाला पाणी पिताना ठसका लागतो, तो प्रकार आणखी निराळा. त्यात पाणी श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. अशा माणसाला पाणी पाजतो तसं आडवं ठेवून पाजू नका, बसवून चमच्यानं द्या आणि डॉक्टरला सांगा.

२०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला अन्ननलिकेच्या कॅन्सरचे ७० हजारांच्या घरात नवे रुग्ण धरलेत आणि मृत्यूंचा आकडा त्याच्या अगदी जवळ आहे. म्हणजे ज्याला झाला त्यातले वाचणारे फार थोडे. कारण उघड आहे, रुग्ण पोहोचतो तेव्हा नळीचा बराचसा भाग व्यापलेला असतो. आपल्याकडं या कॅन्सरमागं मोठा हात तंबाखूचा आणि दारूचा. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठं मिळतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. गरमागरम चहाचंही तसंच. ६५ अंशांच्या वर गरम पेय पिणं कॅन्सरला कारण ठरण्याची शक्यता आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ साली सांगितलं. चहाला दोष नाही, चटक्याला आहे. बशीत ओतून पिणारे आपले जुने लोक शहाणेच म्हणायचे.

बायकांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. मिश्री लावणाऱ्या बायका आपल्या घरांत आहेत, तीही तंबाखूच. दुसरं म्हणजे अंगात रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. लोह फार काळ कमी राहिलं तर काही बायकांच्या घशाशी पातळ पडद्यासारखी आडवी घडी तयार होते आणि घास अडकतो. आजार तसा विरळ, पण लोहाच्या गोळ्यांनी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून घडी सैल करून बरा होणारा. आणि दुर्लक्ष झालं तर पुढं त्याच जागी कॅन्सरचा धोका वाढवणारा. सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी एकटी जेवणारी बाई दोन घास पाण्याबरोबर ढकलते, हे घरात कुणाला दिसणार?

आता गोळ्यांचं. आधी रॅनिटिडीनचा जमाना होता. २०१९ साली त्यात कॅन्सरला कारण ठरू शकणारा घटक सापडल्याची चर्चा जगभर झाली, अमेरिकेनं २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं, आपल्या केंद्र सरकारनं २०२२ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. मग सगळे पॅन्टोप्राझोलवर आले. औषध चांगलं आहे, मी स्वतः त्यावर आहे. पण ते जेवणाआधी अर्धा तास रिकाम्या पोटी घ्यायचं असतं, आपल्याकडं निम्मे लोक जेवून ढेकर दिल्यावर घेतात. कायद्यानं ते चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, हे पट्टीवर छापलेलं असतं, वाचून बघा. खरा घोळ निराळाच आहे. गोळीनं जळजळ थांबते. जळजळ थांबली की माणसाला वाटतं आजार गेला. आतली नळी आवळत असो की गाठ वाढत असो, गोळीला त्याचं काही नाही. त्यात कंबरदुखीच्या गोळ्या रोजच्या रोज खाणारे लोक आहेत, त्या गोळ्याच जठराला जखमा करतात आणि वरून पित्ताची गोळी! आणि कुठलीही गोळी पाण्याच्या घोटाशिवाय, झोपता झोपता गिळू नका. काही गोळ्या नळीत चिकटून तिथंच फोड आणतात.

लोक दुर्बिणीला का जात नाहीत, तेही समजून घेतलं पाहिजे. नुसतं अडाणी म्हणून चालणार नाही. एक तर भीती. नळी घशातून घालतात म्हणजे गुदमरणार असं वाटतं. मी दोन-तीनदा करून आलोय. उपाशीपोटी जायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, दहा मिनिटांचं काम. मजा येत नाही, पण जीवही जात नाही. दुसरी समजूत, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. हे साफ खोटं. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हेच कळत नाही, उपचार काय करणार? तिसरं कारण मात्र खरं आहे, पैसा आणि दिवस. खासगीत तपासणीचे काही हजार जातात. घाटीत स्वस्तात होतं, पण पिशोरहून पहाटे निघायचं, केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, "उपाशीपोटी परवा या" ऐकायचं आणि परत यायचं. ज्याची मजुरी बुडते तो दुसऱ्यांदा जात नाही. महात्मा फुले योजनेत आता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना. निदान झाल्यावर योजना आहे, आमखास मैदानाजवळचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. पण निदानापर्यंत पोहोचायचा रस्ता ज्याचा त्यानं काढायचा, ही आपली व्यवस्था.

गावपातळीवर दुर्बीण आणा असं मी म्हणत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती नसते आणि तशी अपेक्षाही नाही. पण तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी सरकार करतं, बीपी, शुगर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. अन्ननलिका त्यात नाही. दुर्बिणीनं सगळ्या गावाची तपासणी करणं शक्य नाही, मान्य. पण एक प्रश्न विचारायला काय लागतं? "जेवताना घास अडकतो का?" घरी आलेल्या आशाताईंनी विचारावा, मेडिकलवाल्यानं तिसरी पट्टी देताना विचारावा, डॉक्टरांनी तर विचारलाच पाहिजे. आणि हो म्हणणाऱ्याच्या हातात तारीख असलेली चिठ्ठी पडावी. महिन्यातला एक दिवस आपल्या कन्नड तालुक्याच्या रुग्णांसाठी शहरात ठरवून द्या, म्हणजे माणूस उपाशीपोटी गेला की त्याच दिवशी तपासून येईल. एवढीच मागणी आहे. इमारत नको, टेंडर नको, फोटोसाठी फीत नको.

काही जण म्हणतील आशांवर आणखी एक काम लादता. रास्त आहे. मानधनासाठी त्यांना २०२४ च्या सुरुवातीला मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं होतं, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच आधी दोघी आशाताईंना विचारलं. एक ताई पटकन म्हणाल्या, "भाऊ, प्रश्न आम्ही विचारू. पण समोरचा हो म्हणला तर त्याला कुठं अन् कोणत्या दिवशी पाठवायचं, ते आम्हाला कागदावर लिहून द्या."

तोच कागद मिळवायचाय. १ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडतोय, तिथून तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं जाईल. अर्ज लिहून तयार आहे, बाजाराच्या दिवशी सह्यांसाठी घेऊन बसणार आहे. आणि ज्यांच्या घरात कुणी भाकर पाण्याबरोबर ढकलतंय, त्यांनी ग्रामसभेची वाट बघत बसू नका. सोबत कुणी नसेल तर मला सांगा, घाटीत मी बरोबर येतो. तिथल्या रांगा मला पाठ आहेत.