नगरचा रस्ता आणि चौदा हजार बैल

ऑगस्ट उजाडला की नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्याची एक गोष्ट समाजमाध्यमांवर हमखास फिरू लागते. इंग्रज सकाळी आले, पेठेचा तट पाहिला, शिड्या लावून चढले आणि कापाकापी उरकून न्याहारीला परतले. पेशव्यांच्या बाजूने इंग्रजी छावणीत असलेल्या गोखले सरदाराचा म्हणून हा शेरा सांगितला जातो. पाठोपाठ दुसरी गोष्ट येते : भिंगारच्या देशमुखाने चार हजार रुपये घेऊन तटाची कमकुवत बाजू दाखवली. एकीत साहेबाचा पराक्रम, दुसरीत आपल्यांची फितुरी. दोन्ही वाचल्या की १८०३ चे युद्ध समजल्याचे समाधान मिळते.

मित्रहो, हे समाधान खोटे आहे. ते युद्ध समजून घ्यायचे तर किल्ल्याच्या तटाकडे पाठ करून पुणे-नगर-औरंगाबाद रस्त्याकडे पाहावे लागेल.

आधी चोवीस वर्षे मागे जाऊ. जानेवारी १७७९. मुंबईचे इंग्रजी सैन्य घाट चढून पुण्याच्या रोखाने निघाले आणि तळेगावापर्यंत पोचले. तिथे त्याला काय मिळाले? जळलेले गाव, ओस शिवार आणि चहूबाजूंनी मराठी घोडदळ. माघार घेताना वडगावला त्याची कोंडी झाली आणि नामुष्कीचा तह करावा लागला. महादजी शिंद्यांनी तिथे मारले ते इंग्रजांच्या पोटावर. मुलखाने धान्य दिले नाही की परक्या फौजेचे काय होते, हे या भूमीने जगाला दाखवून दिले होते.

तो धडा इंग्रजांनी पाठ केला आणि महादजींच्या वारसाने विसरून टाकला. माझ्या मते १८०३ चे सार एवढ्यात आहे.

वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. मे १८०३ मध्ये बाजीरावाला गादीवर परत बसवून आर्थर वेलस्ली जूनच्या आरंभी पुण्याच्या परिसरातून निघाला आणि नगरच्या दक्षिणेस वाळकीजवळ छावणी टाकून राहिला. शिंद्यांशी वाटाघाटी चालू होत्या. त्या महिन्यांतली त्याची पत्रे युद्धशौर्य शोधणाऱ्याने वाचू नयेत, निराशा होईल. बैल, तांदूळ, चारा, बाजार, पुन्हा बैल! चांगले बैल आणि त्यांची नीट निगा यांवाचून सैन्याला वेग येत नाही, हे तो पुनःपुन्हा बजावतो.

८ ऑगस्टला पेठ पडली, १२ ऑगस्टला किल्ला. किल्लेदार चौदाशे माणसांनिशी बाहेर पडला. गोष्टी इथे संपतात, पण मोहीम इथून सुरू होते. वेलस्लीने कॅप्टन ग्रॅहमला नगरचा कारभार पाहायला ठेवले आणि २४ ऑगस्टपर्यंत भरलेली गोदावरी ओलांडली. कशाने? वेताच्या टोपल्यांना कातडे मढवून केलेल्या होड्यांनी. मागे पुणे, पुढे गोदावरी आणि मध्ये नगरचे कोठार, अशी ती साखळी होती. आज नगरहून टोका-कायगावमार्गे छत्रपती संभाजीनगरला जाताना हे अंतर दोन-अडीच तासांत सरते, त्यामुळे त्याचे मोल कळत नाही. भोर घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतते. म्हणजे फौजेचे पोट बैलाच्या पाठीवरच्या गोणीवर अवलंबून होते.

आणि गोण्या वाहत होते कोण? इंग्रजी कागदांत ज्यांना ‘ब्रिंजारी’ म्हटले आहे ते बंजारा, लमाणांचे तांडे. हे कंपनीचे नोकर नव्हते. धान्य विकत घेऊन सैन्याच्या बाजारात विकणारे ते व्यापारी होते. मोगल असोत वा मराठे, लढणारे पक्ष शक्यतो तांड्यांना धक्का लावत नसत, कारण उद्या त्यांच्याच गोण्या आपल्यालाही लागणार हे प्रत्येकाला ठाऊक होते. वेलस्लीने त्यांना रोख दाम आणि संरक्षण देऊ केले. सरकारी बैल आले ते टिपूच्या पाडावानंतर हाती लागलेल्या म्हैसूरच्या कळपांतून.

आता ३१ ऑक्टोबर १८०३ ही तारीख पाहा. २३ सप्टेंबरला असई झाली होती आणि कंपनीचे सुमारे सोळाशे लोक मारले गेले वा जखमी झाले होते. त्या रक्तबंबाळ फौजेकडे चौदा हजारांहून अधिक बैलांचा तांडा चालला होता. एका बैलावर अडीच मण धान्य धरले तरी पस्तीस हजार मण! रघुजी भोसल्यांच्या पाच हजार स्वारांनी अंबडजवळ त्यावर झडप घातली. बरोबर होत्या काही पलटणी कंपन्या, दोन लहान तोफा आणि म्हैसूरचे चारशे घोडेस्वार. तेवढ्यांनी हल्ला परतवला आणि तांडा सुखरूप पोचला. शाळेच्या पुस्तकात असई आहे, अंबड नाही. मला विचाराल तर असईइतकेच मोलाचे काही त्या दिवशी अंबडला हरले गेले.

कुणी म्हणेल, शौर्याला काही किंमतच नाही का? आहे. असईला शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभे राहून मेले आणि त्यांचे कौतुक शत्रूनेही केले. पण शंभराच्या आसपास तोफा ओढत नेणाऱ्या दौलतरावांनी शत्रूच्या मागचा रस्ता तोडण्याचा नेटाने प्रयत्न केला नाही. फितुरीची कथा आपल्याला इतकी प्रिय आहे ती याचमुळे : दोष एका देशमुखावर टाकला की नियोजनाचा प्रश्न विचारावा लागत नाही.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटते त्यांनी पुढचे वर्ष पाहावे. १८०४ च्या पावसाळ्यात तीच कंपनी आणि तसेच कवायती पायदळ घेऊन कर्नल मॉन्सन यशवंतराव होळकरांच्या मागे मुकुंदरा खिंडीपर्यंत गेला. मागे कोठार नव्हते, नद्या ओलांडायला होड्या नव्हत्या. आग्र्यापर्यंतच्या माघारीत त्याच्या फौजेची दाणादाण उडाली. वेलस्लीनेही त्याचे कारण अन्नधान्यातच शोधले.

नगरच्या रस्त्याची किंमत मात्र नगरच्या माणसांनी मोजली. होळकरांच्या फौजा आणि पेंढारी आधीच मुलूख लुटून गेले होते, त्यात १८०३ चा पाऊस हुकला. अशा प्रदेशात बैल आणि धान्य सैन्याकडे ओढले गेले तर काय होईल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. १८०४ मध्ये लोक उपासमारीने मरू लागले. एप्रिलमध्ये वेलस्लीने नगरच्या दुष्काळावर टिपण लिहिले : फुकट धान्य वाटू नये. काम करू शकतील त्यांना कामावर लावावे, अशक्तांना इस्पितळात ठेवून खाऊ घालावे. (१९७२ साली दुष्काळी कामांवर खडी फोडलेले आजी-आजोबा ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल.) त्यात माणुसकी नव्हती असे मी म्हणणार नाही. पण ज्या हाताने कोठार भरले त्याच हाताने ओंजळभर परत दिले, एवढे तरी नोंदवावे.

आणि ते तांडे? पुढे गाडीरस्ते आले, रेल्वे आली आणि गोण्यांचा व्यापार बसला. मग ज्यांच्या पाठबळावर कंपनीने दख्खन जिंकले, त्याच बंजाऱ्यांवर इंग्रजी राजवटीने गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा हे नाव आजही आहे. नगरच्या किल्ल्याजवळच्या ज्या चिंचेखाली वेलस्ली जेवला म्हणतात, तिची दंतकथा मात्र आपण कौतुकाने सांगतो. ते जेवण कुणाच्या बैलावरून आले होते, हे पुढच्या ऑगस्टमध्ये कुणीतरी विचारावे.