कपाटातला मॉनिटर बाहेर काढा, पण आधी हे वाचा



मागच्या मे महिन्यात आंबवड्यात भाताची शेतीशाळा घेतली. विषय होता चारसूत्री लागवडीचा. सतरंजीवर वीस-बावीस माणसं बसली, त्यात आठ-नऊ महिला. चारसूत्री पद्धत तोंडी सांगून कळत नाही, ती बघावी लागते. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणा कशा येतात, चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची गोळी किती खोल खोचायची, हे हातानं करून दाखवलं की डोक्यात बसतं. मे महिन्यात चिखलणी कुठली? म्हणून चित्रफीत दाखवायचं ठरवलं. मोबाईलच्या वीतभर पडद्यावर बावीस माणसं काय बघणार? मी स्वतःच्या खिशातून पुण्याहून संगणकाचा एक जुना मॉनिटर आणला. दुकानदार म्हणाला, "साहेब, टीव्हीसारखाच चालतो."

चालला, पण मुका! चित्र आलं, आवाज आला नाही. वर मी तो लोखंडी कपाटावर ठेवलेला. खाली बसलेल्यांना पडदा काळपट दिसायला लागला. एक आजी म्हणाल्या, "साहेब, मुकाच टीव्ही आणला व्हय?" सगळे हसले, मीही हसलो. शेवटी काडीनं मातीत चौकोन काढून वेळ निभावली. पण जुलैत बांधावरून फिरलो तेव्हा हसू आलं नाही. शेतीशाळेला बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त खाचरांत लावणी जुन्याच पद्धतीनं, खत नेहमीसारखं फेकून. पहिल्या मोठ्या सरीत त्यातलं किती ओढ्याला गेलं असेल याचा हिशोब तुम्हीच करा.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला. तीच माहिती आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण असे मॉनिटर आज गावोगाव पडून आहेत. शाळेच्या कपाटात आहेत, ग्रामपंचायतीच्या माळ्यावर आहेत, पोराच्या अभ्यासाला घेतलेले घरोघरीही आहेत.

पहिली गोष्ट. मॉनिटर म्हणजे नुसता पडदा. टीव्हीमध्ये पडदा, आवाजाचा भोंगा, वाहिनी पकडणारा भाग आणि रिमोट हे सगळं एकाच पेटीत असतं. मॉनिटरला यातला पडदाच असतो. बाकीचं आपण जोडायचं.

वाहिन्यांसाठी सेट-टॉप बॉक्स लागतो. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की झालं. आपल्या भागात छत्रीचं तोंड आग्नेयेला येतं, त्या बाजूला झाड किंवा भिंत आड नको. त्यावर मराठीतली सह्याद्री वाहिनी दिसते, २०१५ साली सुरू झालेली डीडी किसान दिसते. बऱ्याच बॉक्सना पेनड्राईव्हची खाचही असते. आपल्या डोंगरकपारीत मोबाईलला रेंज नसते, म्हणून चित्रफीत भोरात पेनड्राईव्हवर भरून आणायची आणि गावात दाखवायची.

बॉक्स घेताना मागची भोकं बघा. जुन्या बॉक्सला लाल, पांढरं, पिवळं अशी तीनच असतात. मॉनिटरला मात्र निळं पंधरा टाचण्यांचं व्हीजीए किंवा चपटं एचडीएमआय असतं. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर एका वायरीत काम होतं. नसेल तर मध्ये कन्व्हर्टर नावाची छोटी डबी लागते. दुकानात जाताना दोन्हीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून न्या, म्हणजे हेलपाटा वाचेल.

आता आवाज. व्हीजीएच्या वायरीतून आवाज येतच नाही. एचडीएमआयमधून येतो, पण मॉनिटरला स्पीकरच नसेल तर तो जाणार कुठे? माझं नेमकं इथेच फसलं होतं. उपाय सोपा आहे. बॉक्सची लाल-पांढरी भोकं असतात, त्यातून वायर काढून साध्या स्पीकरला द्या. भजनी मंडळाचा असला तरी चालेल.

राहिली बैठक. स्वस्त मॉनिटर समोरून बघण्यासाठी केलेला असतो. बऱ्याच जणांत खालून बघितलं तर चित्र काळवंडतं आणि बाजूनं रंग बदलतात. माणसं जमिनीवर बसणार असतील तर तो बुटक्या स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा. दाराकडे तोंड करू नका, उजेडानं चित्र फिकं पडतं. बावीस इंची मॉनिटरपुढे पंधरा-वीस माणसं, त्याहून जास्त नकोत. ग्रामसभेला तो पुरायचा नाही.

विजेचा खर्च किरकोळ. मागच्या पाटीवर वॅट लिहिलेले असतात. वीस वॅटचा मॉनिटर रोज चार तास चालला तर महिन्याला अडीच युनिटच्या आत. पावसाळ्यात वीज गेली तर छोटा इन्व्हर्टरही तो ओढतो.

आता खरं बोलतो. घरात काहीच नसेल आणि सगळं नव्यानं घ्यायचं असेल, तर मॉनिटरच्या नादी लागू नका. मॉनिटर, कन्व्हर्टर, स्पीकर यांची बेरीज छोट्या टीव्हीच्या किमतीजवळ जाते आणि वायरींचा गुंता पदरात पडतो तो वेगळाच. म्हाताऱ्या माणसांना एकच रिमोट बरा. पण मॉनिटर घरात आधीपासून असेल, किंवा पोराचा अभ्यास आणि घरच्यांच्या बातम्या एकाच पडद्यावर भागवायच्या असतील, तर तो जरूर वापरा.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, मग हा खटाटोप कशाला? बंधूंनो, मोबाईल असतो पुरुषाच्या खिशात आणि लावणी करतात बायका. चौकोनात गोळी खोचणारे हात ज्यांचे, त्यांनीच ती चित्रफीत बघितलेली नसते. दुसरं म्हणजे, एकट्यानं बघितलेलं एकट्यापाशी राहतं.

हे मी मनाचं सांगत नाही. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांत दीडशेच्या सुमारास गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं काढली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र ऐकायचा आणि मग त्यावर बोलायचं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं तपासणी केली. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली होती. नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे फारसा फरक पडला नव्हता. पुढे १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आलं, १९७३ साली सिंहगडावरून पुण्याकडे चित्र दिसू लागलं. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओटीवर अख्खी आळी जमायची. आज पडदे खूप झाले आणि ओटी रिकामी झाली.

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना माझी विनंती आहे. (आपण अजून त्यांना भाऊसाहेबच म्हणतो.) माळ्यावरचा मॉनिटर खाली उतरवा. तो जडवस्तू नोंदवहीत असतो, म्हणून तोंडी देवाणघेवाण नको. मासिक सभेत ठराव करून समाजमंदिरासाठी द्या आणि सांभाळायला एका बचत गटाचं नाव लावा. आधी तो चालू होतो का बघा. वायरी आणि स्पीकर आणायच्या खर्चाला गावात हात पुढे येतील.

आणि बंधूंनो, तुम्हीही एक करा. आठवड्यातून एक संध्याकाळ घरच्या बाईमाणसाला घेऊन तिथे बसा. अर्धा तास बघा, अर्धा तास बोला. पटलं नाही तर तसं तोंडावर सांगा. लावणीच्या आधी मी पुन्हा आंबवड्यात येतोय. या वेळी स्पीकर माझ्या पिशवीत असेल, आणि मॉनिटर कपाटावर नाही, स्टुलावर ठेवीन. त्या आजींना पुढच्या रांगेत जागा राखून ठेवा.