बाळंतपणाची रजा कोणाची आणि खर्च कोणाचा?

मागच्या महिन्यात एकाच दिवशी माझ्या ओपीडीत तीन बाळं आली. तिघंही साधारण चार महिन्यांची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पहिल्या बाळाची आई हिंजवडीला आयटी कंपनीत आहे. तिला सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली होती. पण आठव्या महिन्यात बीपी वाढलं, पायांवर सूज आली, रोजचा ट्रॅफिकमधला प्रवास झेपेना. त्यामुळे त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधीच संपले. उरले अठरा. "डॉक्टर, सोमवारपासून ऑफिस आहे. बाटली कोणती घेऊ?" असा तिचा प्रश्न होता.

दुसरी आई लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका साड्यांच्या दुकानात काम करते. दुकानात सात माणसं. सव्वा महिना झाल्यावर ती कामावर परत गेली, कारण तेवढे दिवस पगार नव्हता. बाळ पावडरच्या दुधावर होतं आणि वजन वाढत नव्हतं. खोदून विचारल्यावर कळलं की डबा जास्त दिवस पुरावा म्हणून आजी पावडर कमी आणि पाणी जास्त घालत होत्या.

तिसऱ्या बाळाला घेऊन बाबा आले होते. ते घरोघरी पार्सल पोचवण्याचं काम करतात. सिझेरियन झालं तेव्हा चार दिवस गाडी बंद ठेवली, म्हणजे चार दिवस कमाई बंद. पाचव्या दिवसापासून पुन्हा रस्त्यावर. बाळ छान होतं. आई मात्र तीन महिने रोज रडत होती. "मला वाटलं, थकली असेल," ते म्हणाले. तिला प्रसूतीनंतरचं नैराश्य होतं.

तीन घरं, तीन वेगळ्या अडचणी. पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रजा. म्हणून आज औषधांबद्दल न लिहिता रजेबद्दल लिहितो आहे.

शरीराला किती वेळ लागतो?

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती द्यायची पद्धत आहे. वैद्यकशास्त्रही जवळपास तेच सांगतं. गर्भाशय पूर्वीच्या आकारात यायला सुमारे सहा आठवडे लागतात. सिझेरियनची वरची जखम आधी भरते, आतले थर भरायला जास्त वेळ लागतो. रक्त कमी असेल तर थकवा त्याहून लांबतो.

पण हे झालं आईच्या शरीराचं. बाळाचा हिशोब वेगळा आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आम्ही बालरोगतज्ज्ञही सांगतो. दूध तयार होतं ते मागणीवर. बाळ जितकं ओढेल तितकं येतं. आई दिवसातले दहा तास बाहेर असेल आणि दूध काढायची सोय नसेल, तर ते हळूहळू कमी होणारच. यात आईचा दोष काही नसतो.

मग आम्ही भिंतीवर स्तनपानाची पोस्टर्स लावतो आणि सव्वा महिन्यात कामावर गेलेल्या आईला "दूध का बंद केलंत?" असं विचारतो. हा प्रश्न तिला विचारणं मी आता सोडून दिलं आहे.

कायदा काय देतो?

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि या तरतुदी त्या संहितेत आल्या. जगातल्या अनेक देशांपेक्षा २६ आठवडे हा आकडा चांगला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारात किमान १४ आठवडेच सांगितले आहेत.

मग अडतं कुठे? दुकानं आणि आस्थापनांना हा कायदा दहा किंवा जास्त माणसं असतील तरच लागू होतो. साड्यांच्या दुकानातली ती आई त्यामुळे बाहेर राहिली. घरकाम करणाऱ्या ताई, भाजी विकणाऱ्या मावशी, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायका, सगळ्याच बाहेर. ऊसतोडीच्या कामात तर एक दिवस चुकला की 'खाडा' म्हणून उलट पैसे कापले जातात. तिथे बाळंतपणाच्या रजेबद्दल बोलणं म्हणजे थट्टाच.

या महिलांसाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान ६,००० रुपये देण्याचं ठरवलं होतं. त्यानंतर महागाई कुठे गेली ते तुम्हाला माहीत आहेच. पुण्यात ५,००० रुपयांत घर किती दिवस चालतं? त्या भरवशावर कोणती बाई सहा महिने काम सोडेल?

आता माझी गोष्ट

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की डॉक्टर मालकांवर रागावले आहेत. तर एक कबुली देतो. मी स्वतः मालक आहे.

माझ्या क्लिनिकमध्ये सहा जण काम करतात. काही वर्षांपूर्वी आमच्या रिसेप्शनिस्टला दिवस गेले. कायदा मला लागू नव्हता. मी तिला तीन महिन्यांची रजा दिली, तीही अर्ध्या पगारावर. तेव्हा मला वाटलं होतं की मी फार मोठ्या मनाने वागतो आहे. तिच्या जागी दुसरी मुलगी नेमली, तिला पूर्ण पगार. तीन महिने संपले. बाळाला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून ती परत आली नाही. मला तिच्यासारखी माणसं जोडणारी रिसेप्शनिस्ट आजवर मिळाली नाही.

त्यानंतरच्या मुलाखतीत समोरच्या मुलीचं नुकतंच लग्न ठरलंय हे ऐकल्यावर माझ्या मनात जो विचार आला, तो लिहायची मला लाज वाटते. तुम्ही ओळखला असेलच. दिवसभर आयांना "सहा महिने अंगावर पाजा" सांगणारा मी, मनात हिशोब मांडत होतो.

हा हिशोब फक्त माझा नाही. महिना ३०,००० रुपये पगार असेल तर सहा महिन्यांचे १,८०,००० रुपये होतात. ईएसआयबाहेरच्या कर्मचाऱ्यांसाठी हा सगळा भार एकट्या मालकावर आहे. मोठ्या कंपनीला तो जाणवत नाही, बारा माणसांच्या कारखान्याला जाणवतो. मग तो मालक उघड काही बोलत नाही, मुलीला कामावरच घेत नाही. २०१८ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाने कमी पगाराच्या महिलांच्या बाबतीत ७ आठवड्यांचा पगार मालकांना परत द्यावा, असा प्रस्ताव मांडला होता. तो प्रत्यक्षात आला नाही.

जुनाच प्रश्न, जुनंच उत्तर

हा वाद काही आजचा नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कारखान्यांतल्या स्त्री कामगारांसाठी मातृत्व लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि म्हणूनच खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, पण ज्या मालकाला तिच्या श्रमाचा फायदा होतो तोही पूर्ण सुटू शकत नाही, असंही त्यांनी सांगितलं. १९२९ मध्ये तो कायदा झाला. जवळपास शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून 'पैसे कोणी द्यायचे' इथेच अडकलो आहोत.

गंमत म्हणजे उत्तराचा एक नमुना आपल्याकडेच आहे. ईएसआय योजनेत २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यामागे मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कर्मचारी ०.७५ टक्के भरतो. १५,००० रुपये पगारावर मालकाचे महिन्याला साधारण ४८८ रुपये. कर्मचारी पुरुष असो की बाई, रक्कम तीच. आणि बाळंतपणाच्या २६ आठवड्यांचे पैसे मालक देत नाही, महामंडळ देतं. म्हणजे बाईला कामावर घेतलं म्हणून मालकाला एक रुपयाही जास्त पडत नाही.

मला वाटतं, हीच वाट रुंद करायला हवी. सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं, सरकारने असंघटित महिलांसाठी आपला वाटा घालायचा आणि निधीतून आईला थेट पैसे द्यायचे. माझ्यासारखे सहा माणसांचे मालकही त्यात यायला हवेत. मला महिन्याला काही हजार भरावे लागले असते, तर चाललं असतं. एकदम दीड-दोन लाख म्हटल्यावर माझी नियत डळमळली.

आणि बाबा?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना दोन मुलांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बाबांना कायद्याने एकही दिवस नाही. कंपनी देईल तेवढे.

२०१६ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी म्हणाल्या होत्या की अशी रजा पुरुषांसाठी फक्त सुट्टी ठरेल. पुढच्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं. १५ दिवसांची रजा, तीन महिन्यांपर्यंत वाढवता येईल अशी. ते मंजूर झालं नाही.

मेनका गांधींची शंका पूर्ण चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. रजा घेऊन क्रिकेट बघणारे बाबा मी पाहिले आहेत. पण सवय लागायला आधी संधी लागते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बाबा बारशाला पाहुण्यासारखे येतात. बाळ तीन महिन्यांनी सासरी येतं, तोवर लंगोट बदलण्यापासून झोपवण्यापर्यंत सगळं आईला येतं आणि बाबांना काहीच येत नाही. मग जन्मभर तेच चालू राहतं. स्वीडनने १९७४ मध्ये रजा आईबाबा दोघांसाठी खुली केली, तेव्हा तिथल्याही फार थोड्या पुरुषांनी ती घेतली. १९९५ पासून एक महिना फक्त बाबांसाठी राखून ठेवला, घेतला नाही तर तो बुडतो असा. मग प्रमाण वाढलं.

डॉक्टर म्हणून मला बाबा घरी हवेत ते वेगळ्या कारणासाठी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, चिडचिड होणं हे बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप कमी होतं. त्यापुढेही उदासी टिकली, झोप येईना, बाळाबद्दल काही वाटेना, तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. हा फरक ओळखायला कोणीतरी रोज जवळ असावं लागतं. पार्सल पोचवणाऱ्या त्या बाबांना पंधरा दिवस घरी राहता आलं असतं, तर कदाचित त्यांना तो आधीच दिसला असता. त्यांचं प्रेम कमी नव्हतं, वेळ कमी होता.

कायदा बदलेपर्यंत तुम्ही काय करू शकता

- नोकरीत असाल तर रजेची सूचना लेखी द्या आणि प्रत ठेवा. अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे.
- बाळंतपणाआधी आठ आठवडे घेतलेच पाहिजेत असं नाही. तब्येत चांगली असेल आणि तुमच्या डॉक्टरांना चालत असेल, तर जास्त रजा नंतरसाठी ठेवा.
- गर्भारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजार झाला तर प्रमाणपत्रावर आणखी एक महिना मिळू शकतो. गर्भपात झाला तर ६ आठवड्यांची रजा आहे. ती मागायला संकोच करू नका.
- बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी मिळते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी.
- काढलेलं दूध साधारण तापमानात चार तासच टिकतं. आपल्या उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्ये ठेवा, तिथे चार दिवस चालतं.
- पावडरचं दूध द्यावंच लागलं तर डब्यावरचंच प्रमाण पाळा. पाणी वाढवू नका.
- कायद्यात बसत नसाल तर अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे मातृवंदना योजनेची नोंदणी करा. रक्कम कमी असली तरी ती तुमची आहे.
- मन फार जड झालं असेल तर १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर फोन करा. मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.
- बाबांनो, हक्काची सुट्टी साठवली असेल तर ती बारशासाठी न ठेवता दवाखान्यातून घरी आल्यावरच्या दिवसांसाठी ठेवा.

साड्यांच्या दुकानातल्या आईचं बाळ आता बरं आहे. दूध नीट प्रमाणात सुरू झालं आणि पुढच्या भेटीपर्यंत वजनाचा काटा सरकला. आजींना मी रागावलो नाही. त्या पैसे वाचवत होत्या.

माझ्या क्लिनिकमध्ये सध्या आणखी एकीला सहावा महिना लागला आहे. या वेळी सहा महिने, पूर्ण पगार, असं तिला लिहून दिलं आहे. कायदा अजूनही मला लागू नाही. पण आयांना जे सांगतो ते आधी आपल्या घरात करून बघावं, एवढं तरी मला जमायला हवं.