घाई कुणाला आहे?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आज थोडा वाद घालायचा आहे. ज्यांना संगणकाचे विषय कंटाळवाणे वाटतात त्यांनीही वाचा, कारण प्रश्न संगणकाचा कमी आणि पैशांचा जास्त आहे.

गेल्या महिन्यात आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीची बैठक झाली. निवृत्तीनंतरही मला तिथे ठेवले आहे, बहुधा चहाबरोबर विरोधी पक्षही हवा म्हणून! विषय होता संस्थेच्या सगळ्या शाळांची माहिती एकत्र ठेवणारी नवी संगणक-व्यवस्था. एका कंपनीचे दोन तरुण आले होते. पडद्यावर रंगीत चौकोन, चौकोनांतून निघालेले बाण आणि वर एक ढग. "सर, एव्हरीथिंग रिअल टाइम!" मुलाची हजेरी लागली, पालकाने फी भरली, बाईंनी गुण भरले की त्याच सेकंदाला आकडा अध्यक्षांच्या मोबाइलवर.

अध्यक्ष खूश. मी विचारले, "बारा वाजून सात मिनिटांनी पाचवी ब मधला एक मुलगा घरी गेला, हे अध्यक्षसाहेबांना बारा वाजून सात मिनिटांनी कळले, तर ते नेमके काय करणार?"

सगळे हसले. अध्यक्षही हसले. उत्तर मात्र कुणी दिले नाही. ते उत्तर मिळेपर्यंत मी सही करणार नाही, हे त्यांना सांगितले आहे. इथे लिहिले म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.

माहिती हाताळायच्या मुख्य रीती दोनच. एक म्हणजे गठ्ठा. दिवसभराच्या नोंदी साठवायच्या आणि ठरल्या वेळी एकदम हिशेब करायचा. वाण्याच्या दुकानातली कीर्द अशीच. दिवसभर लिहायचे, रात्री शिल्लक जुळवायची, मग खतावणी. दुसरी रीत प्रवाहाची. नोंद आली की तिथल्या तिथे तिचा हिशेब. पहिली स्वस्त आणि साधी, दुसरी चपळ पण महाग आणि सतत लक्ष मागणारी. यात पहिली जुनाट आणि दुसरी आधुनिक असा भेद नाही. आमच्याकडे मात्र नेमका तोच भेद करून माल विकला जातो.

बँकांचेच बघा. एनईएफटीने पैसे पाठवतो ते अर्ध्या अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांनी जातात. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा चोवीस तास झाली, तरी गठ्ठे राहिलेच, दिवसाला ४८. मोठ्या रकमांसाठीची आरटीजीएस मात्र प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे तिथल्या तिथे पुरा करते. एकाच रिझर्व्ह बँकेने दोन कामांसाठी दोन रीती ठेवल्या. आणि धनादेश? ते वर्षानुवर्षे गठ्ठ्याने वटत होते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसभर सलग वटवायला सुरुवात झाली. म्हणजे गठ्ठा काही पवित्र नाही. धनादेश भरून पैशांची वाट बघणारा माणूस खरोखर खोळंबतो, म्हणून तिथे बदल हवाच होता.

रेल्वेच्या आरक्षणाचेही तसेच. एकच बर्थ मुंबईच्या आणि नागपूरच्या खिडकीवर एकाच वेळी विकला गेला तर रात्री डब्यात मारामारी होईल. तिथे क्षणाचा हिशेब हवा, त्यावर कितीही खर्च होवो.

आता आमच्या शाळांत या. पगारबिल महिन्याला. निकाल सत्राला. शिक्षकांची पदे ठरवणारी पटसंख्या वर्षातून एकदा. पोषण आहाराचा आकडा दिवसाला एकदा. मूल शाळेत पोचले नाही तर पालकांना कळवणे, एवढे एकच काम मला घाईचे दिसते. त्यासाठी सकाळच्या हजेरीनंतर एक संदेश पुरतो. मग सेकंदासेकंदाची घाई नेमकी कुणाला आहे? शाळेला, की माल विकणाऱ्याला?

माझा भाचा पुण्यात याच व्यवसायात आहे. त्याला फोन केला, तर म्हणाला, "मामा, त्यांनी तुम्हाला लॅम्डा दाखवलंय." म्हणजे काय, तर दोन्ही रीती शेजारी शेजारी चालवायच्या. प्रवाह घाईचे, अंदाजाचे उत्तर देतो. गठ्ठा मागाहून पक्के उत्तर देतो. नेथन मार्झ नावाच्या तंत्रज्ञाने ही कल्पना मांडली. पण लिंक्डइनमध्ये काफ्का ही प्रवाहाची प्रणाली उभारणाऱ्यांपैकी जे क्रेप्स यांनीच २०१४ साली तिच्यावर बोट ठेवले. एकच नियम दोन ठिकाणी, दोन तऱ्हांनी लिहायचा आणि दोघांची उत्तरे कायम जुळती ठेवायची, हे फार जाचक होते. त्यांचा उपाय होता फक्त प्रवाह ठेवण्याचा. आमचा उपाय फक्त गठ्ठ्याचा असू शकतो. मुद्दा एकच, वाट एक असावी.

दोन वाटा म्हणजे काय, हे आम्हाला क्रेप्स यांनी सांगायची गरज नव्हती. आमच्याच एका शाळेत एका मुलीची जन्मतारीख जनरल रजिस्टरात १२ आणि संगणकात २१ होती. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. दुरुस्तीसाठी वडिलांनी दोन दिवसांची मजुरी बुडवून खेटे घातले. कारकुनाला विचारले तर म्हणाला, "सर, दोन्ही बरोबर आहेत, आपापल्या जागी." चूक प्रवाहात टाकली असती तर ती सेकंदात सगळीकडे पोचली असती, एवढाच फरक. आमचा रोग वेगाचा नाहीच, आमचा रोग मुळातली नोंद चुकण्याचा आहे.

"पण सर, उद्या संस्था वाढली तर?" हा हुकमी पत्ता. वाढेल की! शाळा आणखी वाढल्या तरी त्यांची माहिती एका चांगल्या डेटाबेसात आरामात मावते. पोस्टग्रेससारखा डेटाबेस तर फुकट मिळतो. मोठ्यांचे म्हणाल तर २०२३ साली ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधल्या एका गटानेच लिहिले की, चित्राचा दर्जा तपासणारे आपले एक साधन त्यांनी सुट्या सुट्या तुकड्यांतून काढून एकसंध केले आणि त्याचा खर्च ९० टक्क्यांनी उतरला. ते एकाच साधनापुरते होते, सगळ्या ॲमेझॉनचे नव्हे. पण ज्यांच्याकडे पैशांना तोटा नाही ते मोजून बघतात आणि आम्ही, पालकांच्या फीवर चालणारे, चित्र बघून भाळतो!

गठ्ठ्याचे दोषही सांगतो, नाहीतर वाद खोटा होईल. रात्रीचा हिशेब मध्येच बंद पडला तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता नसतो. चूक उशिरा सापडते. म्हणून काम झाले की नाही याचा संदेश रोज कुणाला तरी गेलाच पाहिजे, आणि बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, तो परत चढवून बघावा लागतो. "सगळी माहिती आधी गोळा करू, उपयोग नंतर ठरवू" हेही मला मान्य नाही. मुले अठराच्या आतली आहेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे, तो उगाच नव्हे.

तर मी कार्यकारिणीला चार प्रश्न लिहून दिले आहेत. या माहितीवरून कोण, कोणता निर्णय घेणार? उत्तर एक दिवस उशिरा आले तर कुणाचे काय बिघडेल? कंपनीचे तरुण निघून गेल्यावर आमच्यातले कोण ते चालवणार? आणि पाच वर्षांनी कंपनी बदलायची झाली तर आमची माहिती आमच्या हातात कशी येणार?

पहिल्या वर्षाची जी रक्कम त्यांनी सांगितली, तेवढ्यात दोन शाळांच्या ग्रंथालयांना पूर्णवेळ माणूस ठेवता येतो. ती पदे किती वर्षे रिकामी आहेत, ते त्या बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पुढची बैठक येत्या शनिवारी आहे. भाच्याने फोनवर हजर राहायचे कबूल केलेय. माझे चुकत असेल तर आपल्यातल्या जाणत्यांनी शनिवारच्या आत सांगावे, मी वाचून जाईन. काय झाले ते कळवतोच.