विजेचे जाळे आणि कागदांचे ओझे

१४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी चारच्या सुमारास अमेरिकेच्या ईशान्य व मध्य-पश्चिम भागातील आठ राज्ये आणि कॅनडातील ओंटॅरिओ प्रांत यांचा वीजपुरवठा अवघ्या काही मिनिटांत कोसळला. सुमारे पाच कोटी लोकांना त्याची झळ पोहोचली. एवढ्या मोठ्या अनर्थाचे मूळ मात्र अगदी साधे होते. ओहायो राज्यातील उच्चदाबाच्या तीन पारेषण वाहिन्या एकामागून एक, वाढलेल्या झाडांना टेकून बंद पडल्या होत्या. त्याच वेळी संबंधित कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणकीय यंत्रणा तासाभराहून अधिक काळ निकामी होती आणि तेथील कर्मचाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. तारांखालची झाडे छाटावीत हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नव्हती; तसा दंडक होताच. पण तो पाळला जातो की नाही हे पाहण्याचा अधिकार मात्र कोणालाही नव्हता.

हा दंडक ऐच्छिक का होता, याचे उत्तर अमेरिकेच्या वीज उद्योगाच्या इतिहासात सापडते. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी न्यूयॉर्कसह ईशान्येकडील तीन कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा सरकारी नियंत्रण येण्याची चिन्हे दिसू लागली. ते टाळण्यासाठी वीज कंपन्यांनी १९६८ साली विश्वासार्हता परिषद स्थापन केली आणि सर्वांनी आपखुशीने पाळावयाचे नियम तयार केले. ही सभ्य गृहस्थांची व्यवस्था पस्तीस वर्षे चालली. २००३ च्या चौकशीनंतर अमेरिका व कॅनडा यांच्या संयुक्त चौकशी पथकाने पहिलीच शिफारस केली, ती हे नियम बंधनकारक करून भंगासाठी दंड ठेवण्याची. त्यानुसार २००५ साली कायदा झाला. नियम तयार करण्याचे काम उद्योगाच्याच संस्थेकडे राहिले. त्यांना मान्यता देण्याचा अधिकार संघीय ऊर्जा नियामक आयोगाकडे आला. मार्च २००७ मध्ये आयोगाने ८३ मानके मान्य केली आणि त्याच वर्षी जूनपासून ती लागू झाली. नियमभंगास दिवसाला दहा लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद होती.

येथूनच कागदाचा प्रश्न सुरू होतो. दंड करावयाचा तर नियम मोडल्याचे सिद्ध व्हावे लागते. आणि दंडापासून वाचावयाचे तर नियम पाळल्याचे दाखवावे लागते. वाहिनीखालची झाडे छाटली एवढे पुरेसे नाही. पाहणी कधी केली, कोणी केली, काय आढळले आणि त्यावर काय कारवाई झाली याची नोंद हवी. प्रशिक्षण दिले तर हजेरीपट हवा, यंत्रणा तपासली तर तपासणीपत्रक हवे. प्रत्येक मानकामागे कागदांची एक फाइल उभी राहिली आणि त्या फाइली सांभाळणारा एक वर्गही तयार झाला.

सरकार नागरिकांकडून किती कागद मागते यावरही अमेरिकेत कायद्याचा लगाम आहे. १९८० साली संमत झालेल्या आणि १९९५ साली सुधारलेल्या कागदकपात कायद्यानुसार कोणत्याही खात्याला माहिती मागविण्यापूर्वी एक हिशेब मांडावा लागतो. ही माहिती किती संस्थांना द्यावी लागेल, प्रत्येकीचे किती तास जातील आणि खर्च किती येईल, हे राजपत्रात प्रसिद्ध करून साठ दिवस लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. नंतर राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतील अर्थसंकल्प कचेरीची संमती घ्यावी लागते. ही संमती फार तर तीन वर्षे टिकते आणि ती मिळाल्याचा क्रमांक मागणीपत्रावर नसेल, तर माहिती दिली नाही म्हणून कोणाला दंड करता येत नाही. वीज मानकांखालील नोंदींनाही हाच कायदा लागू आहे.

ज्या देशात एकच माहिती चार खात्यांना चार नमुन्यांत भरून देण्यात शिक्षकांचे आणि कारकुनांचे आयुष्य जाते, तेथील वाचकास या कायद्याचा हेवा वाटल्यास नवल नाही. सरकारने माणसाच्या वेळेची किंमत आधी मांडावी आणि मगच तो मागावा, हे तत्त्व निःसंशय उमदे आहे. तथापि त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. हा कायदा कागद भरण्यास लागणारे तास मोजतो. तो भरल्यामुळे दिवे लागलेले राहिले की नाही, हे त्याला मोजता येत नाही. शंभर तासांचा एखादा निरुपयोगी अहवाल आणि शंभर तासांची एखादी अत्यावश्यक पाहणी यांचे वजन त्याच्या तराजूत सारखेच भरते.

निरुपयोगी कागद होते, हे खुद्द आयोगानेच मान्य केले आहे. मार्च २०१२ मधील एका आदेशाच्या ८१ व्या परिच्छेदात त्याने विश्वासार्हतेला फारसा हातभार न लावणारी कलमे शोधून काढण्याचे आवाहन केले. त्यातून नोव्हेंबर २०१३ मध्ये १९ मानकांमधील ३४ कलमे रद्द झाली. हे योग्यच झाले. मोठ्या कंपनीत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. लहान नगरपालिकेच्या वीज खात्यात किंवा ग्रामीण सहकारी संस्थेत मात्र ज्या अभियंत्याने उपकेंद्रावर जावयाचे, तोच टेबलाशी बसून नोंदी लिहीत असतो. त्याचा गेलेला तास हा प्रत्यक्ष कामातून कापलेला तास असतो.

परंतु एवढ्यावरून सारे कागद हे थोतांड आहे असा निष्कर्ष काढणारांनी टेक्ससकडे पाहावे. फेब्रुवारी २०११ मध्ये तेथे कडाक्याच्या थंडीने वीजनिर्मिती संच बंद पडले. चौकशी झाली, थंडीपासून संचांचे रक्षण कसे करावे याच्या शिफारशी झाल्या. त्यांना रूप मिळाले ते मार्गदर्शक सूचनांचे, बंधनकारक मानकाचे नव्हे. दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, तशीच पण अधिक तीव्र थंडी आली आणि पंचेचाळीस लाख घरे व आस्थापने विजेविना राहिली. राज्याच्या आरोग्य खात्याने या आपत्तीतील २४६ मृत्यूंची नोंद केली. संचांनी थंडीसाठी लेखी योजना ठेवली पाहिजे, असे बंधनकारक मानक आयोगाने मान्य केले ते त्यानंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये. ज्या कागदाचा भार दहा वर्षे टाळला गेला, त्याची किंमत अशी चुकवावी लागली.

२०२१ च्या आपत्तीच्या चौकशीतील एक निष्कर्ष अधिक बोलका आहे. थंडीने गोठून बंद पडलेल्या संचांपैकी ८१ टक्के घटनांत तापमान त्या संचांच्या घोषित क्षमतेच्या खाली गेलेलेच नव्हते. म्हणजे हा संच अमुक अंशांपर्यंत टिकेल असे कागदावर लिहिलेले होते आणि तो त्याआधीच बंद पडला. टेक्ससमध्ये उणीव दोन्हीकडे होती: जेथे कागद हवा होता तेथे तो मागितला गेला नाही आणि जेथे कागद होता तेथे तो कोणी प्रत्यक्ष पडताळून पाहिला नाही. तेव्हा कागद किती, हा प्रश्नच मुळात अपुरा ठरतो. तो काम करताना कोणाच्या हाती असतो आणि त्यातील मजकूर खरा आहे की नाही हे यंत्राजवळ जाऊन कोण पाहतो, यावरच त्याची योग्यता ठरावी.

भारताला हा धडा परका नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी आपल्याकडील ग्रिड सलग दोन दिवस कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात वीज नव्हती. आपले नियम तर तेव्हाही ऐच्छिक नव्हते. भारप्रेषण केंद्राचे आदेश पाळणे २००३ च्या वीज कायद्याने बंधनकारक होते, आणि न पाळल्यास पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड होता. आदेश निघत होते, राज्ये ठरल्याहून अधिक वीज ओढतच होती. अमेरिकेत दंडाशिवाय नियम होता. आपल्याकडे दंड पुस्तकात राहिला.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून एका राज्याच्या हयगयीचा झटका दूरच्या राज्यालाही बसू शकतो. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ग्रिड संहितेने संबंधित संस्थांवर वार्षिक स्वयं-तपासणीचे बंधन घातले आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र स्वतःच स्वतःला गुण देण्याची ही परीक्षा आहे, हे विसरता कामा नये. या अहवालांपैकी काहींची तरी दरवर्षी उपकेंद्रावर आणि वाहिनीखाली उभे राहून पडताळणी झाली पाहिजे. शिवाय जी नोंद तीन वर्षांत कोणी उघडूनही पाहिली नाही, ती मागणे बंद करण्याची तरतूद संहितेतच असावी. या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर अहवाल वेळेवर पोहोचत राहतील, फाइली पूर्ण असतील आणि ओहायोतल्या झाडांप्रमाणे आपली झाडेही तारांच्या दिशेने वाढत राहतील.