घराचा विमा: कशाचे पैसे मिळतात आणि कशाचे नाही?

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश दिले. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून या इमारतींसाठी महारेराची नोंदणी मिळवली गेली होती. तो नोंदणी क्रमांक पाहून लोकांनी आयुष्याची पुंजी घातली. आपल्यातील अनेक तरुण कर्ज काढून घराण्यातले पहिले स्वतःचे घर घेत आहेत, आणि तेही बहुतांशी याच पट्ट्यात. म्हणून प्रश्न पडतो: घराचा विमा असता तर या लोकांना भरपाई मिळाली असती का?

नाही. विमा अपघाताचा असतो, फसवणुकीचा नाही. सरकारी किंवा न्यायालयाच्या आदेशाने पाडलेल्या घराचे पैसे घरविम्यातून मिळत नाहीत. जुनाट होऊन किंवा निकृष्ट बांधकामामुळे इमारत खचली, तरी हात वर केले जातात. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचे प्राण गेले. असा धोका विम्याने टळत नाही. तो टाळायचा तर घर घेण्याआधी बांधकाम परवानगी महापालिकेच्या कार्यालयात जाऊन तपासावी लागते आणि जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे लागते.

मग विमा कशासाठी? २६ जुलै २००५ चा पूर आठवा. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीतील अमुदान कंपनीच्या स्फोटात आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. २०१६ च्या प्रोबेस स्फोटातही हेच झाले होते. पूर, आग, स्फोट, वादळ, भूकंप, दंगल यांतले नुकसान ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत येते. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ती सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली आहे.

रक्कम ठरवताना मोठा गोंधळ होतो. विमा बाजारभावाचा नसतो, बांधकाम खर्चाचा असतो. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. समजा कार्पेट एरिया ४०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर २,५०० रुपये, तर विमा १० लाखांचा. फ्लॅट ४० लाखांचा आहे म्हणून ४० लाखांचा हप्ता भरू नका. घराचा विमा घेतला की सामानाला आपोआप २० टक्के, म्हणजे इथे २ लाखांचे संरक्षण मिळते. त्याची कमाल मर्यादा १० लाख. सामान जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. भाडेकरूला फक्त सामानाचा विमा काढता येतो.

दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागावे लागते. विमा उतरवलेल्या दुर्घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी पॉलिसीत येते, पण एरवीच्या घरफोडीसाठी स्वतंत्र विमा लागतो. रोख रक्कम आणि कागदपत्रे सहसा वगळलेली असतात. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका पुरात गेल्या तर पैसे मिळणार नाहीत, आणि नवे काढताना किती खेटे घालावे लागतात हे आपण जाणतो. त्यांच्या प्रती आजच डिजिटल करून ठेवा.

कर्ज घेताना बँक एखादी पॉलिसी पुढे करते. ती घराची आहे की कर्जदाराच्या जीवाची, हे वाचूनच सही करा. कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारी पॉलिसी पुरात भिजलेल्या फ्रिजचे पैसे देत नाही. बँक सुचवेल त्याच कंपनीकडून विमा घेण्याची सक्ती नसते.

नुकसान झालेच तर कंपनीला लगेच कळवा, फोटो काढल्याशिवाय सामान फेकू नका, पंचनामा किंवा अग्निशमन दलाचा अहवाल मिळवा. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे ना फी लागते ना वकील.

कार्यकर्त्यांनी आपल्या सोसायटीपासून सुरुवात करावी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग व भूकंपाचा विमा काढण्याची तरतूद आहे. येत्या सर्वसाधारण सभेत दोनच गोष्टी मागा: ती पॉलिसी आणि शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. दोन्ही नसतील तर त्याच सभेत ठराव मांडा.